पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेले प्रार्थनामंदिर

मुंबईतील गॉथिक इमारतींचे वर्णन करणारे लेखक बहुधा बोरीबंदरापासून आरंभ करतात, राजाबाई टॉवरापाशी घटकाभर रेंगाळतात आणि उच्च न्यायालयाची प्रशंसा करून लेखणी खाली ठेवतात. परंतु ज्या इमारतीपासून या शहरातील गॉथिक वास्तुशिल्पाचा वंश खऱ्या अर्थाने सुरू झाला, ती या सर्वांच्या पुष्कळ दक्षिणेस, कुलाब्याच्या लष्करी वस्तीत, झाडांच्या दाटीआड उभी असल्यामुळे, फोर्टातून हिंडणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस ती सहसा पडत नाही. सरकारी दप्तरात ती सुवार्तिक संत योहान याच्या नावाने नोंदलेली आहे. पण कुलाब्याला जाणाऱ्या बसमधला वाहक आणि उतारू ज्या नावाने ती ओळखतात ते नाव 'अफगाण चर्च' हेच आहे. हे नाव अधिक सार्थ आहे असे मला वाटते, कारण या मंदिराच्या पायातला पहिला दगड भक्तीपेक्षाही एका फसलेल्या मोहिमेच्या आठवणीने बसविला गेला.

ती मोहीम म्हणजे पहिले अफगाण युद्ध. रशिया मध्य आशियातून हिंदुस्थानच्या सरहद्दीकडे सरकत आहे, या भयाने पछाडलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी १ ऑक्टोबर १८३८ रोजी सिमल्याहून जाहीरनामा काढला, आणि काबूलच्या गादीवरून दोस्त महंमदास काढून तेथे पदच्युत शाह शुजा यास बसविण्याची तजवीज केली. एक फौज बंगालच्या बाजूने फिरोजपूरहून निघाली. दुसरी मुंबईहून गलबतांत बसून सिंधच्या किनाऱ्यास लागली व सर जॉन कीन यांच्या हुकमतीखाली वर सरकली. १८३९ च्या जुलैत गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टात काबूल हाती आले, आणि कलकत्त्यास विजयाच्या तोफा झडल्या. पुढे जे घडले ते शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेऊन निघालेले सुमारे साडेचार हजार सैनिक व त्यांच्या पाठोपाठ चाललेले बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे बर्फाने भरलेल्या खिंडींतून जात असता कापले गेले अथवा गारठून मेले, आणि जलालाबादच्या तटापर्यंत घोड्यावरून जिवंत येऊन पोहोचला तो डॉक्टर विल्यम ब्रायडन हा एकटा युरोपियन. काही थोडे शिपाई मागाहून रखडत आले. त्या साडेचार हजारांत गोरे अवघे सातशेच्या सुमारास होते, ही गोष्ट इंग्रजी कादंबऱ्या व चित्रे पाहून सहजी लक्षात येत नाही. इतका संहार होऊन निष्पत्ती काय, तर शाह शुजा मारला गेला आणि १८४३ मध्ये तोच दोस्त महंमद पुन्हा काबूलच्या तख्तावर येऊन बसला.

मुंबईच्या पलटणी काबूलच्या त्या माघारीत नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. ती आपत्ती प्रामुख्याने बंगालच्या फौजेवर कोसळली. मुंबईच्या फौजेचे नुकसान निराळ्या रीतीने झाले. कंदाहारच्या वाटेवर, बोलन घाटाच्या तोंडाशी, कलातच्या लढाईत आणि सिंधच्या भट्टीसारख्या उन्हाळ्यात तिची माणसे तलवारीने जितकी मेली त्याहून अधिक तापाने आणि हगवणीने गेली. या फौजेत कोकणातले व घाटावरचे मराठे होते, महार होते, कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल होते, परदेशी म्हणून ओळखले जाणारे उत्तरेकडचे शिपाईही होते. बलुची डोंगरांतल्या काहान या गढीत १८४० च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत, बाहेरून आलेली कुमक नफुस्क खिंडीत उधळली गेल्यानंतरही, कॅप्टन लुईस ब्राउन यांच्याबरोबर जी मूठभर माणसे टिकून राहिली ती मुंबईच्या पाचव्या देशी पलटणीची होती. 'काली पाँचवी' या नावाने ती पलटण पुढे प्रसिद्धीस आली आणि तिचा वारसा आज मराठा लाइट इन्फंट्रीकडे आहे. या मोहिमांच्या शेवटी, १८४३ मध्ये, सर चार्ल्स नेपियर यांनी सिंध जिंकून घेतला व तो प्रांत मुंबई इलाख्यास जोडला गेला. ती जोड १९३६ पर्यंत टिकली. काबूल गेले, पण सिंध मिळाला, अशी ही वजाबाकी.

या मृतांचे स्मारक मुंबईत व्हावे ही कल्पना युद्ध संपताच निघाली. कुलाब्यास तेव्हा लष्कराच्या उपासनेसाठी एक गवताने शाकारलेले, अगदीच साधे प्रार्थनागृह होते, आणि कुलाबा बेट दाट वस्तीच्या मुंबईशी बांधाने जोडले जाऊन (हा बांध १८३८ मध्ये पुरा झाला) फार वर्षे झाली नव्हती. सरकारने जागा दिली, पण देताना एक शर्त घातली, ती अशी की मंदिराचा मनोरा बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून खूण म्हणून दिसेल इतका उंच असला पाहिजे. एखाद्या देवालयाच्या शिखराने गलबतांना वाट दाखवावी ही कल्पना कोकण किनाऱ्यावरील कोणाही खलाशास नवी वाटणार नाही. परंतु येथे तीच गोष्ट सरकारी अटीच्या रूपाने कागदावर आली, आणि या शर्तीमुळेच पुढे वर्गणीदारांच्या नाकी नऊ आले.

याच सुमारास इंग्लंडात वास्तुशिल्पाच्या अभिरुचीत मोठी उलथापालथ चालू होती. ग्रीक खांब व त्रिकोणी दर्शनी भाग असलेली चर्चे बांधण्याची शंभर-दीडशे वर्षांची रूढी मागे पडून, तेराव्या-चौदाव्या शतकातील ख्रिस्ती मंदिरांचीच रचना खरी धार्मिक रचना होय, बाकीची सारी मूर्तिपूजक, असे प्रतिपादन करणारा पक्ष प्रबळ झाला होता. ऑगस्टस प्यूजिन याच्या ग्रंथांनी या मताला धार दिली, आणि १८३९ मध्ये केंब्रिज व ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या दोन मंडळींनी त्याला शास्त्राचे, किंबहुना सोवळ्याओवळ्याचे, स्वरूप दिले. वेदी कोठे असावी, वेदीगृह किती खोल असावे, बाके कशी असावीत, यांविषयी या मंडळींचे नियम इतके कडक होते की त्यांतून सुटलेल्या इमारतीची त्यांच्या मासिकांत निर्दय चिरफाड होई. कुलाब्याच्या मंदिराचा पहिला महत्त्वाचा नकाशा ऑक्सफर्डचाच होता. जॉन डेरिक नावाच्या शिल्पशास्त्रज्ञाने तो तयार केला. तो सुंदर असेलही, पण त्याचा खर्च मुंबईच्या वर्गणीला झेपणारा नसल्याने तो बाजूस ठेवावा लागला.

मग काम आले हेन्री कॉनिबियर यांच्याकडे. प्लेसिओसॉरस या लुप्त सागरी प्राण्याचे नामकरण करणारे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ व लँडॅफचे डीन विल्यम कॉनिबियर यांचे हे चिरंजीव, आणि व्यवसायाने शिल्पशास्त्रज्ञ नव्हे तर मुंबई शहराचे इंजिनियर. शहराच्या आरोग्यावर त्यांनी लिहिलेला अहवाल आणि १८६० मध्ये पुरा झालेला विहार तलाव यांमुळे मुंबईकरांनी त्यांचे नाव खरे तर अधिक आठवणीत ठेवावयास हवे होते; नळाचे पाणी प्रथम या शहरास मिळाले ते त्यांच्या आखणीमुळे. असा गटारे व जलाशय यांत गढलेला गृहस्थ गॉथिक मंदिर कसे बांधणार, अशी शंका कोणासही यावी, पण कॉनिबियर यांच्या ठायी त्या शैलीची खरी आवड होती. पुढे विलायतेस परत गेल्यावर त्यांनी हॅम्पशायरमधील इचेन स्टोक या खेड्यात, आपले बंधू जेथे धर्माधिकारी होते तेथे, पॅरिसच्या सेंत शापेलची आठवण देणारे एक छोटे चर्च बांधले. कुलाब्याच्या इमारतीत इंजिनियराचा हात आणि हौशी अभ्यासकाचे डोळे अशा दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. तिची कोनशिला ४ डिसेंबर १८४७ रोजी बसविण्यात आली.

गॉथिक रचनेचे मर्म काय, हे येथे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीला जखडलेली असते. वीस फुटांचे अंतर सांधावयाचे तर ती दहा फूटच चढणार. टोकदार कमान दोन निरनिराळ्या वर्तुळखंडांनी बनत असल्यामुळे तिला हे बंधन उरत नाही. अंतर तेवढेच ठेवून ती हवी तितकी उंच नेता येते, आणि शिवाय तिच्या दाबाचा रोख बाहेरच्या बाजूस कमी व खालच्या बाजूस अधिक असतो. जो काही दाब बाहेर लोटला जातो तो पेलण्यासाठी भिंतीला ठराविक अंतरावर बाहेरून दगडी धिरे दिले म्हणजे मधल्या भिंतीवर भार फारसा राहत नाही, आणि तिला पाडून तेथे खिडकी घालता येते. टोकदार कमान, धिरा आणि खिडकी या तीन गोष्टींची ही जी परस्परांवर अवलंबून असलेली सांगड, तिच्यातूनच उत्तर युरोपातील ती उंच, काचांनी उजळलेली मंदिरे उद्भवली. नक्षी, टोके, कळस हा सारा नंतरचा संसार.

आता अडचण अशी, की ही युक्ती ज्या देशात निघाली तेथे सूर्य दुर्मीळ आहे व खिडकीतून जितका प्रकाश येईल तितका हवाच असतो. मुंबईत स्थिती नेमकी उलट. केंब्रिजच्या मंडळीतील बेंजामिन वेब यांनी १८४५ मध्येच उष्ण कटिबंधातील गॉथिकविषयी एक निबंध लिहून, तेथे जाड भिंती, लहान खिडक्या व गुहेसारखा गारवा असलेली मंदिरे बांधावीत असे सुचविले होते. कार्ले-भाजे ज्याने पाहिले आहे त्याला हा सल्ला नवा वाटणार नाही. आपल्याकडील बौद्ध भिक्षूंनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच अमलात आणला होता. कॉनिबियर यांनी वेब यांचा निबंध वाचला असो वा नसो, त्यांच्या भिंती जाड आहेत, बाजूच्या पडव्यांच्या खिडक्या अरुंद आहेत, आणि भर एप्रिलात बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकताच जो फरक जाणवतो तो केवळ भक्तिभावाचा म्हणता येत नाही.

बांधकामास लागलेला दगड मुख्यत्वे दोन जातींचा आहे. भिंतींच्या दर्शनी भागास कुर्ल्याच्या खाणींतला पिवळसर दगड वापरला, तर कमानी, खांब व कोरीव पट्ट्या यांसाठी काठेवाडातून समुद्रमार्गे आणलेला पोरबंदरचा मऊ, मलईच्या रंगाचा चुनखडीचा दगड. कुर्ल्याचा दगड टिकाऊ. पोरबंदरचा कोरण्यास सोपा, परंतु खाऱ्या वाऱ्याने झिजणारा. कुलाब्यासारख्या दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या जागी हा दुसरा दगड वापरणे म्हणजे दर पिढीला दुरुस्तीचा खर्च लावून ठेवणे होते, आणि झालेही तसेच. तरीही या दोन रंगांच्या संयोगाने इमारतीला जी उबदार छटा आली आहे ती पाहता, सौंदर्याची किंमत भरावीच लागते असे म्हणून मी तरी बांधणारांना क्षमा करीन.

आत शिरल्यावर मधले उंच दालन, दोन्ही बाजूंस कमानींच्या रांगांनी वेगळ्या केलेल्या पडव्या, आणि पूर्वेस पन्नास फूट खोल व सत्तावीस फूट रुंद वेदीगृह अशी रचना दिसते. एवढे खोल वेदीगृह हिंदुस्थानातील इंग्रजी चर्चांत त्यापूर्वी बांधले जात नसे. लष्करी इंजिनियरांच्या पुस्तकावरून उभारलेल्या त्या जुन्या चर्चांत एक प्रशस्त सभागृह आणि टोकाशी एक टेबल, एवढ्यावर काम भागे. नव्या मताच्या धर्मशास्त्राप्रमाणे बांधलेल्या देशातील पहिल्या काही मंदिरांपैकी हे एक, असे जे तज्ज्ञ म्हणतात ते या वेदीगृहाच्या आधारावर. आतील सजावट ज्याच्याकडे सोपविली तो विल्यम बटरफिल्ड त्या काळी लंडनमध्ये मार्गारेट स्ट्रीटवरील ऑल सेंट्स हे रंगीबेरंगी विटांचे मंदिर बांधण्यात गुंतलेला होता. त्याने मुंबई कधी पाहिली नाही, परंतु वेदीमागील नक्षीदार भिंत, बाके आणि भूमितीच्या आकृतींची फरसबंदी यांचे नमुने त्याने तिकडून पाठविले व फरशाही विलायतेहूनच आल्या. पूर्व व पश्चिम टोकांच्या रंगीत काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स या कारागिराच्या. पश्चिमेच्या खिडकीतून दुपार कलल्यावर येणारा प्रकाश फरशीवर पडतो तेव्हा बटरफिल्डची आखीव भूमिती आणि वेल्सचे सैल रंग यांची जी गंमत होते ती दोघांपैकी कोणालाच पाहावयास मिळाली नाही.

कोरीव कामाच्या बाबतीत मात्र ही इमारत गरीब आहे. जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये निघाली आणि लॉकवुड किपलिंग तेथे १८६५ मध्ये आले, म्हणजे हे मंदिर जवळजवळ पुरे झाल्यानंतर; पुढे क्रॉफर्ड मार्केटवर व बोरीबंदरावर जी देशी माणसे, मोर, माकडे, मुंगुस, वेली दगडात उमलली, ती घडविणारे हात अजून तयारच झाले नव्हते. येथील गॉथिक म्हणून पूर्णपणे आयात केलेले आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट बोरीबंदरावर कधी कधी नक्षीचा जो सुकाळ डोळ्यांस शिणवितो त्याच्या मानाने या मोकळ्या भिंतींत प्रमाणाची जाणीव अधिक आहे, आणि प्रमाण हाच वास्तुशिल्पाचा आत्मा असेल तर कॉनिबियर यांनी बोरीबंदराचे शिल्पकार स्टीव्हन्स यांच्यावर येथे मात केली आहे.

वेदीगृहाच्या भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांसंबंधीच्या लेखाचा आशय असा, की हे मंदिर ज्या अधिकाऱ्यांची नावे या भिंतींवर आहेत त्यांच्या, आणि ज्यांची नावे संख्येच्या बाहुल्यामुळे अशी नोंदता आली नाहीत त्या कनिष्ठ हुद्देदारांच्या व शिपायांच्या स्मरणार्थ बांधले असून, ते सर्व सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत १८३८ ते १८४३ या काळात रोगाने वा तलवारीने, कर्तव्य स्मरत पडले. ही भाषा गंभीर व नेटकी आहे. परंतु तिच्या पोटात जो हिशेब आहे तो ध्यानात घ्यावा: हुद्दा असेल तर दगडावर नाव, नसेल तर 'संख्या फार'. त्या काळच्या लष्करी नीतीत हे कोणासही खटकले नाही, आणि युरोपातही सामान्य शिपायाचे नाव स्मारकावर कोरण्याची चाल पुष्कळ उशिरा पडली. सबब केवळ या मंदिरास दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि या स्मारकाकडे पाहताना मराठी वाचकाने त्या न कोरलेल्या नावांची जाणीव ठेवावी, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मंदिराचा अर्पणविधी ७ जानेवारी १८५८ रोजी मुंबईचे बिशप हार्डिंग यांच्या हस्ते झाला. ती तारीख पाहून मन क्षणभर थबकते. उत्तरेत बंडाचा वणवा अद्याप विझला नव्हता, आणि याच शहरात, एस्प्लनेडच्या मैदानावर, तीन महिने होण्यापूर्वी, १८५७ च्या ऑक्टोबरात, सय्यद हुसेन व मंगल गडिया या मुंबई फौजेतल्याच दोघांना फितुरीच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी दिले होते. एका युद्धात पडलेल्या शिपायांचे ऋण दगडात मान्य करणारे सरकार त्याच वेळी त्यांच्या जातभाईंकडे कोणत्या नजरेने पाहत होते, याची याहून बोलकी नोंद शोधून सापडणार नाही.

अर्पण झाले तरी मनोऱ्याचे निमुळते शिखर तयार नव्हतेच. पैसा पुरेना. ते पुरे झाले १० जून १८६५ रोजी; उंची १९८ फूट, आणि एकंदर खर्च सुमारे पाच लाख पासष्ट हजार रुपये. यात सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराचे साडेसात हजार रुपये होते, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईच्या स्वभावाला शोभण्यासारखीच. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या व्यापारातून शहरात सोन्याचा पूर आला होता तो ओसरण्याच्या अगदी टोकाला हे काम उरकले; शिखरावर शेवटचा दगड चढल्यानंतर तीन आठवड्यांनी, १ जुलै १८६५ रोजी, शेअरबाजाराच्या वायद्यांचा दिवस उजाडला आणि मुंबईतील बड्याबड्या पेढ्या बसल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर सरकारची ती शर्त कदाचित कागदावरच राहिली असती. मनोऱ्यातील आठ घंटांचा संच मागाहून इंग्लंडातील टेलर यांच्या ओतशाळेतून आला. पश्चिम हिंदुस्थानात त्याच्या तोडीचा संच नाही असे जाणकार मानतात.

शिखर पुरे झाले तेव्हा गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर, जे त्यापूर्वी सिंधचे कमिशनर होते. त्यांनी फोर्टाचे तट पाडण्याचा हुकूम दिला, मोकळ्या झालेल्या जमिनीवर सरकारी इमारतींची रांग उभारण्याची योजना आखली, आणि त्या इमारतींसाठी जी शैली पुढे आली ती गॉथिक. राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय १८७८ मध्ये पुरे झाले, बोरीबंदर त्यानंतर दहा वर्षांनी. त्यांपैकी बोरीबंदरास २००४ मध्ये आणि बाकीच्या दोहोंना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. कुलाब्याचे हे मंदिर त्या क्षेत्रांच्या बाहेर पडते. १९७० मध्ये नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारत ख्रिस्त मंडळीच्या ताब्यात ते आहे, आणि तेथे उपासना चालू आहे.

वास्तुशिल्पाची आवड असणाऱ्याने मुंबईचे गॉथिक पाहण्यास येथून आरंभ करावा, म्हणजे पुढे शहराने या परदेशी शैलीत आपले काय काय घातले ते नीट कळते. दुसरी एक विनंती इतिहासप्रेमी वाचकांस आहे. गझनीच्या लढाईत असलेल्या गोऱ्या व देशी सैनिकांना एक रुप्याचे पदक मिळाले होते, त्यावर किल्ल्याचे चित्र आहे. कोकणात व देशावर पुष्कळ घराण्यांत मुंबई फौजेतील पूर्वजांची पदके, सनदा व पेन्शनचे कागद आजही पेटीच्या तळाशी पडलेले असतात. असा एखादा जिन्नस आपल्या घरी असेल तर त्याची नक्कल पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या एखाद्या संस्थेकडे अवश्य पोहोचवावी. कुलाब्याच्या भिंतीवर जी नावे नाहीत ती मिळण्याचा हाच मार्ग उरला आहे.